रंग न घातलेली काचपट्टी

आमच्या असोद्याच्या घरी श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंग मांडतात, त्याच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब बांधतात आणि मध्ये नारळाची कानबाई, नथ-डोरलं घालून, नटवून बसवतात. हल्ली हे खांब जळगावच्या बाजारातून येतात. बुटक्या जातीच्या केळीचे असतात ते, जाड आणि आखूड. मखर बसकं दिसू नये म्हणून खाली विटा ठेवून उंची साधावी लागते. विटा रचताना दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "भाऊनं विहिरीवरची ती केळ खोदली नसती तर ही वेळ आली नसती."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. वाक्य म्हणून म्हणून गुळगुळीत झालं आहे, आणि त्याला एक शेपूटही फुटलं आहे: ठिबकच्या नळ्या सरळ रेषेत जाव्यात, चार रोपं जास्त बसावीत, म्हणून भाऊनं आईची केळ काढली. घरात नवीन आलेल्या सुनांनाही ही गोष्ट अशीच सांगितली जाते. मी तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. कोणी मला काही विचारत नाही आणि मी काही बोलत नाही.

ही गोष्ट दुरुस्त करायची आहे, म्हणून हे लिहितो आहे. केळ भाऊनं खोदली हे खरं. पण ती माझ्या सांगण्यावरून खोदली, आणि मी सांगितलं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या एका काचपट्टीकडे बघून. ती काचपट्टी मी चुकीची वाचली होती. नळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

ती केळ आईनं तिच्या माहेराहून आणली होती. माहेर मुक्ताईनगरजवळचं, आई शेवटपर्यंत त्या गावाला एदलाबादच म्हणायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा परत येताना तिनं साडीचोळीबरोबर एक मुनवा आणला. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू. तो तिनं विहिरीजवळ, पाटाच्या कडेला लावला. त्याची केळ झाली, केळीभोवती तिची पिल्लं झाली, आणि आमच्या लहानपणी तिथे एक बेटच झालेलं होतं. खांब उंच, वर जाताना किंचित लालसर, पानाच्या मधल्या शिरेवरही तीच लाली. घड लहान पडायचा, व्यापारी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. वाऱ्यात ती लगेच कलायची. भाऊ बांबूच्या टेकूंनी तिला उभी धरायचा आणि वर म्हणायचा, ही आईसारखीच हाये, उभी राह्यली तर सगळ्यायपेक्षा उंच, पन धराले मानूस लागते.

कानबाईचे चारही खांब या बेटातून निघायचे. विकतचा खांब आमच्या घरात येत नसे. आई गेल्यावर हा नेम भाऊनं असा चालवला की जणू आई ओसरीवर बसून बघते आहे.

मी शिकलो आणि धुळ्याला एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला लागलो. देवपूरला घर केलं. असोद्याहून निघताना भाऊ मला जळगावच्या स्टँडवर सोडायला यायचा आणि एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहायचा. आम्ही फारसं बोलायचो नाही. बस वळली की मी मागे बघायचो, तो अजून तिथेच असायचा, उन्हासाठी कपाळावर हात धरून. ते दृश्य मला आजकाल फार आठवतं. आपण मागे बघितलं हे त्याला कळत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना आमच्या विभागाला प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक मिळाला. जुने नकाशे ठेवायची एक खोली होती. ती रिकामी करून खिडक्यांना काळा कागद चिकटवला आणि तो आत बसवला. त्या खोलीचं मला वेडच लागलं. माझं आयुष्य साध्या रंगांत गेलं होतं. साध्या रंगानं पेशी रंगते, कापड रंगावं तशी. हे दुसरे रंग निराळेच. त्यांच्यावर निळा उजेड टाकला की ते तो गिळतात आणि हिरवा किंवा पिवळा करून परत देतात. त्यामुळे बाकी सगळं काळोखात राहतं आणि ज्याला रंग चिकटला तेवढंच स्वतः पेटल्यासारखं दिसतं. सरकारी दवाखान्यात थुंकीतले क्षयाचे जंतू याच पद्धतीनं शोधतात. काळ्या आभाळात पिवळ्या काड्या दिसाव्यात तसे ते दिसतात. एक रंग फक्त पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला धरतो आणि अतिनील उजेडात केंद्रक निळं होऊन बाहेर येतं. फ्लुरोसीन नावाचा रंग डोळ्यांचे डॉक्टर शिरेतून देतात आणि डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात.

माझा आवडता रंग या फ्लुरोसीनचाच भाऊबंद होता. त्याचं वैशिष्ट्य असं की बाटलीत तो चमकतच नाही. त्याच्या रेणूला दोन शेपट्या जोडलेल्या असतात, त्यांनी त्याची चमक दाबून ठेवलेली असते. तो पेशीत शिरतो. पेशी जिवंत असेल तर तिच्यातली विकरं त्या शेपट्या तोडतात, रंग मोकळा होतो, आणि पेशी आतून हिरवी उजळते. पेशी मेलेली असेल तर काही होत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, बाबांनो, इथे रंग तुम्ही देत नाही, पेशी तो घडवते. तिच्यात जीव आहे याचा तो तिनंच दिलेला पुरावा आहे.

आणि दरवर्षी पहिल्याच तासाला हेही सांगायचो की या पुराव्यावर एकट्यानं भरवसा ठेवायचा नाही. वनस्पतीत अशा कितीतरी गोष्टी असतात ज्या रंग न घालताच चमकतात. लाकडासारख्या घट्ट झालेल्या पेशीभिंती, तुरट रस, हवा लागून काळपट पडलेला चीक. केळीत तर हे ठासून भरलेलं. केळीच्या चिकाचा डाग सदऱ्यावर पडला की सदरा फाटतो पण डाग जात नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून त्याच तुकड्याची आणखी एक चकती रंग न घालता काचपट्टीवर ठेवायची आणि आधी ती बघायची. मी तिला ताळ्याची पट्टी म्हणत असे. गणिताचा ताळा करतात तसा हा डोळ्यांचा ताळा. ताळ्याची पट्टी न करणाऱ्या मुलाला मी अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढत असे.

तोवर असोदा-भादली पट्ट्यात ऊतीसंवर्धनाची रोपं सगळीकडे झाली होती. बागा एकसारख्या, घड एकसारखे. एका वर्षी गावात हरण्या आला. हा केळीचा विषाणूजन्य रोग. पानांवर पिवळे पट्टे पडतात, नवीन पान चुरगळून येतं, झाड खुरटतं. आमच्या विहिरीवरच्या बेटातल्याही एका-दोन पानांवर पट्टे दिसले. शेजारचे बागवाले भाऊकडे आले. जुनं बेट राहिलं तर माव्याचे किडे त्याच्यावर बसतील आणि तिथून रोग घेऊन आमच्या बागांवर येतील, ते काढा, असं त्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं. त्यांच्यातला एक जण थट्टेनं म्हणाला, तुमची ती म्हातारी आमच्या तरण्याताठ्या पोरी खाईन. भाऊ त्या वेळी हसला, पण त्याच आठवड्यात पोत्यात मुनवे भरून पारोळ्यावरून एसटीनं धुळ्याला माझ्या दारात उभा राहिला.

मी त्याला समजावलं. मुनव्याच्या पोटात, पानांच्या सगळ्या घड्यांच्या आत, वाढीचं टोक असतं, मोहरीहून लहान. विषाणू तिथपर्यंत बहुधा पोचलेला नसतो. तेवढंच कापून बाटलीत वाढवलं तर त्यातून निरोगी केळ परत मिळू शकते. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे तू मायले बाटलीत घालनार."

"बाटलीत घालून परत आणून देईन."

"परत आनून दे म्हंजे झालं."

आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी ती टोकं कापली, धुतली, बाटल्यांत लावली. केळीची टोकं बाटलीत काळी पडतात, त्यांचाच रस त्यांना मारतो. आमची बहुतेक काळी पडली. काही बाटल्यांत मात्र काळ्या सालीच्या आत पांढुरका गाभा राहिल्यासारखा वाटत होता. कोंब येत नव्हता, पण कुजतही नव्हतं. वरून बघून काही कळत नव्हतं.

मे महिना आला. मृगाच्या लागवडीआधी बेट निघालं पाहिजे, असं गावात ठरलं होतं. भाऊचा फोन आला. त्याच्या आवाजात कधी घाई नसे, त्या दिवशी होती. तो म्हणाला, "मास्तर, तुले जे दिसते ते मले दाखव. मंगच मी कुदय लावतो." आमच्याकडे ळ चा य होतो, कुदळ म्हणायचं होतं त्याला. माझ्या शिक्षणाबद्दल तो मला चिडवायचा तेव्हाच मास्तर म्हणायचा. त्या दिवशी चिडवत नव्हता.

तो धुळ्याला आला तेव्हा सुट्टी होती, कॉलेज ओस पडलं होतं. विभागातला आमचा मदतनीस साक्रीकडचा होता, अहिराणी बोलायचा. त्यानं खोली थंड करून ठेवली होती, दिवा आधीच लावून गरम केला होता. "सर, बठ्ठं तयार शे," म्हणजे सगळं तयार आहे, असं सांगून तो चहा आणायला गेला.

मी बाटली उघडली. गाभ्यातली एक पातळ चकती कापली, रंगाचा थेंब टाकला, वर झाकणकाच ठेवली. खोलीचा दिवा बंद केला. भाऊला अंधारात काही दिसेना, म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. उसाच्या पाचटानं, केळीच्या चिकानं खरबरीत झालेला तो हात. लहानपणी पाटावरून पलीकडे जाताना तो असाच ठेवायचा.

ताळ्याची पट्टी करायला पाच मिनिटं लागली असती. दुसरी चकती कापायची, पाण्याचा थेंब, झाकण, झालं. मला ते आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण हात खांद्यावर होता, तो थांबलेला होता, मला त्याला दाखवायचं होतं. मी निळा उजेड सोडला आणि नळीतून बघितलं. हिरवट उजेड होता. भरपूर होता.

आज डोळे मिटले तरी मला तो दिसतो, आणि आज मी तो नीट वाचू शकतो. उजेडाची जाळी होती. जाळीच्या घरांच्या कडा पिवळसर हिरव्या उजळल्या होत्या आणि घरं आतून काळी होती. जिवंत पेशीचं उलट असतं, ती आतून भरून उजळते आणि कड अंधारात जाते. शेकडो वेळा मी हा फरक फळ्यावर काढून दाखवला होता. त्या दिवशी मी जाळीलाच पेशी म्हटलं. म्हटलं, थोडी अशक्त आहे, म्हणून तशी दिसते.

मग भाऊला स्टुलावर बसवलं. त्यानं आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग बरोबर जमलं.

"हे आपल्यावालीच हाये ना?" तो म्हणाला. "बाजारातली कापून नाही ना ठेवली?"

"आपलीच."

"आनं जिती हाये?"

"जिवंत असल्याशिवाय अशी दिसत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य माझं आहे. त्याच्यावर गावानं दबाव आणला, त्याला नळ्या सरळ हव्या होत्या, तो कंटाळला, यातलं काहीही त्या केळीवर कुदळ पडण्याचं कारण नाही. हे वाक्य कारण आहे.

त्यानं पुन्हा एकदा बघितलं. निघताना दारातून परत वळला आणि आणखी एकदा बघू का म्हणाला. तोवर उजेड मंदावला होता, पण त्याचं समाधान झालं. चहा पिऊन तो मिळेल त्या गाडीनं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. एकच शब्द बोलला, "काढली." मग जरा थांबून म्हणाला, आतून कंद इतका मोठा होता की दोघांना उचलेना.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच अंधाऱ्या खोलीत गेलो आणि त्याच बाटलीतल्या गाभ्याची चकती रंग न घालता बघितली. तीच जाळी. तितकीच उजळ. मग एक तुकडा पाण्यात उकळून पूर्ण मारला आणि बघितला. तोही तसाच दिसला. मी दिवा बंद केला आणि बसून राहिलो. मदतनीसानं बाहेरून विचारलं की काही हवं आहे का. मी नको म्हणालो.

बाकीच्या बाटल्याही एकेक करून मी कापल्या. कुठेच काही नव्हतं. तोपर्यंत बेटाची जागा नांगरून झाली होती आणि कंद जाळून टाकला होता.

त्या दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पहिल्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, वेळ लागतो. दुसऱ्यांदा म्हणालो, प्रयत्न चालू आहेत. खोटं असं नव्हतं ते, मी खरंच प्रयत्न करत होतो, पण ते बाटल्यांत नव्हते. मामाच्या गावी जाऊन आलो. तिथे सगळीकडे नवी रोपं, त्या केळीचं कोणाला नावही आठवेना. यावल-रावेरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर हिंडलो. एका पाड्यावर घरामागे उंच केळ दिसली, खांबाला लालीही होती. मी जवळजवळ पळतच गेलो. पण तिचं कमळ, म्हणजे केळफूल, वेगळं होतं, आमच्या केळीच्या कमळाचा रंग गर्द जांभळा, हिचं फिकं. त्या घरच्या बाईनं मला पाणी दिलं आणि बाबा, कोणाचं काही हरवलं का, असं विचारलं.

भाऊनं शेतात ठिबक बसवलं ते त्यानंतरच्या वर्षी. आणि ज्या नळ्यांसाठी त्यानं केळ काढली असं आज म्हणतात, त्याबद्दल सांगतो. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळ्या नळ्या सरळ गेल्या होत्या, फक्त विहिरीजवळची एक नळी बेटाच्या जागेला वळसा घालून गेली होती. मधली जागा रिकामी होती, खत घालून भुसभुशीत करून ठेवलेली. नळी बसवणाऱ्या पोरांनी त्याला वेड्यात काढलं असणार. मी त्या जागेकडे बघत उभा होतो तेव्हा तो मागून येऊन म्हणाला, आली की इथंच लावू. मी हो म्हणालो. ती नळी सरळ केली ती भाऊ गेल्यावर, त्याच्या मुलानं, आणि त्यालाही दोष नाही. ती जागा कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

काही वर्षांनी भाऊनं विचारणं बंद केलं. असोद्याहून निघताना मात्र स्टँडवर खिडकीखाली उभा राहून म्हणायचा, "तिकडं बरं हाये ना?" मी म्हणायचो, "बरं आहे." बस हलायची.

तो गेल्यावर सांगायचं तरी कोणाला, असं मी स्वतःला समजावलं. वहिनी होत्या, दोन पुतणे होते. पण ज्याला सांगायचं तो गेला, हे कारण मला फार सोयीचं पडलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांचा त्रास वाढला. साखर जुनी आहे. जळगावच्या डॉक्टरांनी पडद्याची तपासणी करायची म्हणून सांगितलं. मोठा पुतण्या मला घेऊन गेला. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, दंडाला पट्टा बांधला, आणि नर्सनं सुई भरली तेव्हा नळीतला तो नारिंगी रंग मी लांबून ओळखला. फ्लुरोसीन. आयुष्यभर मी त्याला काचपट्टीवर बघितलं होतं, आता तो माझ्या शिरेत जात होता. जरा मळमळलं. मग समोर निळा प्रकाश लखलखायला लागला, फोटो निघाले. पलीकडच्या पडद्यावर माझ्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उजळत गेल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवून सांगितलं की इथे गळती आहे. मी त्यांना विचारलं, रंग देण्याआधी एक फोटो काढला का. ते हसून म्हणाले, काढतोच, पहिला तोच असतो, नाहीतर आपोआप चमकणाऱ्या गोष्टी फसवतात. मी खुर्चीचा हात धरून बसलो. पुतण्याला वाटलं इंजेक्शनमुळे.

घर जवळ म्हणून तो मला विश्रांतीसाठी असोद्याला घेऊन गेला. या रंगानं कातडी काही तास पिवळी पडते. ओसरीवर वहिनी तूर निवडत होत्या. मला बघून आधी घाबरल्या, कावीळ झाली म्हणून. पुतण्यानं सांगितलं की औषधाचा रंग आहे, उतरेल, आणि तो शेतात निघून गेला. तेव्हा कुठे त्यांना हसू आलं.

"भाऊजी, या वयात हयद लागली का? पोरगी कुठली पाह्यली?"

मीही हसलो. बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ओसरीच्या उन्हात फक्त एक पांढुरकी आकृती होती. कदाचित त्यामुळेच ते शक्य झालं. मी म्हणालो, वहिनी, हा जो रंग आहे ना, याच्याच जातीचा रंग घालून मी भाऊला केळ दाखवली होती. आणि मग थांबता आलं नाही. ताळ्याची पट्टी, जाळी, मी म्हटलेलं वाक्य, उकळलेला तुकडा, सगळं सांगितलं. विहिरीजवळची वळसा घातलेली नळीही सांगितली.

सुपातल्या तुरीचा आवाज थांबला होता. मी सुरुवात केली तेव्हा चहा ठेवते म्हणाल्या होत्या, तो ठेवला नाही.

"त्यायनं तुमच्या शब्दावर सासूबाईची केय खोदली," त्या म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नाही ते. मले म्हने, बाटलीत हाये, तू कायजी नको करू. मले म्हने."

मी पिवळे पडलेले हात मांडीवर ठेवले.

"आनं दरसाली हे लोक त्यायले बोलतात, तुम्ही तिथं बसून ऐकता."

"हो."

"मंग मले एकलीले सांगून काय उपयोग? जे बोलतात त्यायच्यासमोर सांगा." एवढं म्हणून त्या सूप उचलून आत गेल्या. संध्याकाळी पुतण्या मला सोडायला निघाला तेव्हाही बाहेर आल्या नाहीत.

मला तोंडी नीट सांगता येणार नाही, मधेच आवाज जाईल, म्हणून हे लिहून काढलं. इथपर्यंतचा मजकूर मी यंदा कानबाईच्या रविवारी, खांब बांधायच्या आधी, सगळ्या भाऊबंदांसमोर वाचून दाखवला. वहिनी चुलीपाशी होत्या, पुरणाचं पातेलं उतरवून दारात येऊन बसल्या. डोळे अजून नीट नाहीत, त्यामुळे मी अडखळत वाचलं.

वाचून झालं. मोठा पुतण्या उठून अंगणात गेला आणि विटा मोजल्यासारखं करत उभा राहिला. नळी त्यानं सरळ केली होती ना. धाकट्यानं विचारलं, "नाना, मंग बाटलीतलं काहीच नाही उरलं?" मी नाही म्हणालो. दरवर्षी ते वाक्य हमखास म्हणणारा आमचा चुलतभाऊ पुटपुटला की आम्ही काही वाईट हेतूनं म्हणत नव्हतो.

"म्हनत तर होते," वहिनी दारातून म्हणाल्या. तो खांब उचलायला वाकला.

मग खांब बांधायला घेतले, कारण ते बांधावेच लागतात. यंदा विटा रचताना ते वाक्य कोणी म्हणालं नाही.

धाकट्या पुतण्याची सून बोदवडची आहे, नुकतंच लग्न झालेलं. ती कापड ताणत होती. तिनं मधेच विचारलं, "नाना, पण खायला कशी होती ती केळं?"

मी म्हणालो, गोड, पण गोडाच्या मागे जराशी आंबट. ती आंबट चव जिभेवर राहायची.

"आंबट?" वहिनी म्हणाल्या. तपासणीच्या दिवसानंतर माझ्याशी सरळ बोललेला त्यांचा हा पहिला शब्द. "तुम्ही कच्चीच खाल्ली असतीन धुयाले जाता जाता. आंबट नव्हती ती. तुपासारखी होती. वासही तुपासारखाच."

मोठा पुतण्या अंगणातून म्हणाला की त्याला वास आठवत नाही, पण साल इतकी पातळ असायची की सोलताना केळं मोडायचं, आणि काळे ठिपके पडल्याशिवाय आजी हात लावू द्यायची नाही. चुलतभाऊ म्हणाला, मधला गाभा कडक असायचा. वहिनी म्हणाल्या, कडक अजिबात नव्हता. मी म्हणालो, कडक नव्हता, पण आंबट होती हे नक्की. वहिनींनी हातातला झारा माझ्याकडे रोखला.

सून एकदा माझ्याकडे आणि एकदा सासूच्या सासूकडे बघत होती. तिनं ते केळं कधी पाहिलेलंही नव्हतं, आता पाहणारही नव्हती. तिला फक्त एक चव मनात ठेवायची होती, आणि आम्ही तिला चार देत होतो.

"मग नक्की कशी?" ती म्हणाली.

वहिनींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. आमच्यापैकी कोणाचंच बरोबर नसेल, हे त्या घटकेला दोघांनाही कळलं असावं. ते बेट शेवटपर्यंत ज्यानं सांभाळलं, प्रत्येक घडाचं पहिलं केळं ज्यानं चाखून मगच घरात येऊ दिलं, त्यानं एका शब्दात निकाल दिला असता, आणि आम्ही दोघांनीही तो मानला असता.